घरी येणाऱ्यांच्या पाट्या

साळवेमामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हा माणूस दारू प्यायलेला आहे याबद्दल मला शंकाच उरली नव्हती. भर दुपारची वेळ. पालिकेच्या रस्ते विभागात ओव्हरसियर म्हणून मी नुकतीच लागले होते आणि भोसरीकडच्या एका नव्या वसाहतीत खडीचं काम बघायला गेले होते. हातात जेवणाच्या डब्याची पिशवी, खांदे पाडलेले, मान खाली, असा एक मध्यमवयीन माणूस गल्लीच्या दिशेने पाय ओढत येत होता. कोपऱ्याशी आला, डोळे जेमतेम उचलून समोर बघितलं, आणि एकदम ताठ होऊन झपझप बसथांब्याकडे परत गेला. तिथे पोचल्यावर पुन्हा खांदे पाडले आणि पुन्हा पाय ओढत निघाला. हा प्रकार तो सारखा करत राहिला तेव्हा मात्र मी त्याला हटकलं.

"काका, बरं वाटत नाहीये का?"

"बरं हाय की," तो म्हणाला. "जरा बाजूला व्हा, बाई. मी दमलेलो हाय सध्या. डोळा कुठं पडतोय ते बघायलोय."

मी बाजूला झाले. तो आला, मान न उचलता समोर बघितलं, आणि जिथे त्याची नजर पडली तिथे जाऊन जमिनीत एक खुंटी ठोकली. मग पिशवीतून खरोखरच डबा काढला, भिंतीच्या सावलीत बसून भाकरी खाल्ली, आणि मला म्हणाला, "रस्त्याचं नाव लावायचं तर अगोदर दमून बघावं लागतं. ताज्या माणसाला काय, कुठंबी दिसतंय."

हे आमच्याच खात्यातले निघाले. कार्यालयाच्या मागे पत्र्याची एक शेड होती, तिथे गावच्या पाट्या तयार होत: गल्ल्यांची, नगरांची, चौकांची नावं. आजच्या मुलांना पाटी म्हटलं की खांबावरचा चकचकीत पत्रा आठवतो, म्हणून सांगते. आमच्या पाट्या सिमेंटच्या होत्या. मामा लाकडाच्या फळीवर नाव उलटं कोरायचे, आरशात दिसतं तसं, आणि तेही आधी पेन्सिलीने न आखता. त्या फळीला चौकट लावून आत तार घालायची, बारीक वाळूचा माल ओतायचा, ओल्या पोत्याखाली ठेवायचा. आठवड्याने साचा उघडला की अक्षरं पाटीतून वर उठून आलेली असत. मग पाटीला निळा रंग आणि अक्षरांना पांढरा. पहिल्यांदा साचा उघडताना मी तिथे उभी होते. आत उलटसुलट खाचा असलेली एक फळी आणि तिच्यातून सुलटं, भरदार 'संत तुकारामनगर' बाहेर आलेलं. मी नुसती बघत राहिले. इंजिनिअरिंगची पदविका घेऊन आलेली मी, पण बघता बघता तोंड उघडं पडलं होतं ते मामांनीच लक्षात आणून दिलं.

"मिटा आता," ते म्हणाले. "सिमेट उडायलंय."

विनय नावाची गोष्ट या माणसाजवळ औषधालासुद्धा नव्हती. आपल्या कामाची तारीफ दुसरा कुणी करेपर्यंत थांबायला त्यांना सवड नसे. सकाळी शेडमध्ये चहा आला की बशीत ओतता ओतता ते सुरू करत. "ह्या गावात मला जेवढं लोक वाचत्यात तेवढं कुणालाच वाचत नाईत. पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जातोय. माझं लिहिलेलं माणूस रोज वाचतोय, तेच ते, आणि तरीबी कंटाळत नाई." शर्टाच्या खिशात त्यांचे दोन ब्रश कायम उभे असत, केस वर करून. लग्नालाही ते त्या ब्रशांसकट गेले होते असं खात्यात बोललं जाई. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कुणाच्या लग्नाला? माझ्या तर व्हतेच."

त्यांच्या पाट्या बुटक्या असत. छातीएवढ्या उंचीच्या दोन खांबांवर आडवी पाटी. उंच लावा, लांबून दिसेल, असं त्यांना पुष्कळांनी सांगून पाहिलं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "कंपनीतून सुटलेल्या माणसाची मान वर जात नाई. जाते असं वाटत आसंल तर या एकदा शिफ्टला." हे त्यांना कसं ठाऊक, ते मला पुढे कळलं.

त्याआधी पाट्यांच्या पाठीची गोष्ट सांगायला हवी, कारण ती सांगितल्याशिवाय साळवेमामा कळायचे नाहीत. एकदा वरचे एक साहेब पाहणीला आले. मोठ्या रस्त्याने गाडी आत वळली, साहेबांनी काच खाली केली आणि म्हणाले, "या भागात पाट्या का नाहीत?" पाट्या होत्या. ओळीने होत्या. आम्हाला दिसत होत्या त्या त्यांच्या कोऱ्या पाठी. साहेब खाली उतरले, पाटीला वळसा घालून पलीकडे गेले, नाव वाचलं, पुन्हा अलीकडे आले. पुढच्या गल्लीत तेच. त्याच्या पुढच्या गल्लीतही तेच. सगळ्या वसाहतीत मामांनी पाट्यांची तोंडं कंपन्यांकडे केली होती. मोठ्या रस्त्याने गावात शिरणाऱ्याला एकही नाव वाचता येत नव्हतं.

मामांना बोलावणं गेलं. ते सायकलवरून आले, घाम पुसला आणि साहेबांचा प्रश्न नीट ऐकून घेतला. उलट्या का लावल्यात, या प्रश्नाचा अर्थच त्यांना समजेना.

"उलट्या कुठं, साहेब? त्या बाजूनं माणूस कामाला जातोय. जाताना वाट कोण वाचतंय? माणूस वाचतोय ते येताना."

"आणि बाहेरून येणारा? पाहुणा?"

मामा विचारात पडले. एवढ्या वर्षांत हा पाहुणा त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. "पाहुण्याला आणाया माणूस जातोय की फाट्यावर," ते म्हणाले.

साहेब हसले. भला माणूस होता. आपल्याकडे तेव्हा तसंच होतं हेही खरं. परभणीहून, बीडहून कुणी यायचं असलं की घरचा एकजण फाट्यावर जाऊन उभा राहायचाच. पण हुकूम सुटला, दोन्हीकडे नाव हवं. साच्यातून अक्षर उठायचं ते एकाच बाजूला, त्यामुळे पाठीवर मामांनी नावं नुसती रंगवली. उन्हाने ती उडाली. पुन्हा रंगवली, पुन्हा उडाली, आणि मग ते काम आपोआप मागे पडलं. पुढची अक्षरं मात्र सिमेंटचीच असल्यामुळे रंग गेला तरी जागेवर होती. म्हणजे शेवटी सगळं मामांच्या मनासारखंच झालं, आणि हे त्यांनी मला कितीदा ऐकवलं असेल त्याला सुमार नाही.

ही दिशा त्यांच्या डोक्यात कुठून बसली ते त्यांनी एका दुपारी सांगितलं. पालिकेत येण्याआधी ते एका फाउंड्रीत होते. परभणीकडून नवी बायको घेऊन आलेले, चाळीत भाड्याची खोली घेतलेली. पहिल्याच आठवड्यात तिसरी पाळी लागली. सकाळी सुटले आणि घराकडे आले तर सगळ्या चाळी सारख्या, सगळी दारं हिरवी, कुठे नाव नाही, खूण नाही. रात्रभर भट्टीसमोर उभं राहून डोळे सुजलेले. विचारायचं तरी काय, पत्ता त्यांनाच ठाऊक नव्हता. एका दारात शिरले, ते दुसऱ्याचं निघालं. शेवटी दुपार व्हायला आली तेव्हा एका गल्लीच्या तोंडाशी शांताबाई उभी दिसली. ती सकाळपासून तिथे उभी होती. गावात नवी, शेजारपाजार अनोळखी, लिहितावाचता येत नाही. नवरा हरवला हे सांगायचं कुणाला, म्हणून ती आपली कोपऱ्यावर येऊन थांबली होती.

"ती उभी व्हती म्हणून मी घरी आलो," मामा म्हणाले. "परत्येकाची बायको कशी उभी ऱ्हाणार? म्हणून पाटी."

त्या दिवसानंतर मी त्यांच्याकडे निराळ्या नजरेने बघायला लागले. पाळी सुटण्याच्या वेळी मुद्दाम एखाद्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबे. माणसं येत, घोळक्याने, गप्प. पाटीपाशी आलं की प्रत्येकाची नजर तिच्यावरून जाई आणि पावलं वळत. कुणी थांबून वाचत नसे. चालता चालता एखाद्याचा हात पाटीच्या कडेवरून फिरून जाई. मला ते पाहताना अंगावर काटा येई, आजही येतो. एका माणसाने डब्याची पिशवी घेऊन पाय ओढत चालून पाहिलं होतं, म्हणून एवढी माणसं न चुकता घरी जात होती.

मामा निवृत्त झाले. शेड पुढे पाडली, तिथे आता गाड्या लावतात. रस्ते रुंद होत गेले तशा पाट्या निघत गेल्या. नव्या पाट्या आल्या, त्या वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. माझं घर पुनावळ्यात आहे. रात्री महामार्गावरून उतरताना दिव्याच्या उजेडात लखलखणारी ती नावं मलाही उपयोगी पडतात. या पाट्या गाडीतल्या माणसासाठी आहेत, उंचावर आहेत, आणि फोनवरची बाई कुठे वळायचं ते बोलून सांगते ते निराळंच. मामांच्या पाट्या एकेक करून कमी होत होत्या आणि कुणाला काही कमी झाल्यासारखं वाटत नव्हतं. जुन्या पाट्या फोडून त्याच पदपथाच्या भरावात टाकायच्या अशी ठेकेदारांची रीत होती. वाईट हेतू त्यात काही नव्हता, भराव कुठून तरी आणावाच लागतो.

मामा कधी तक्रार करत आले नाहीत. "माणूस जातंय, पाटी जाणारच," एवढंच म्हणत. म्हणून एका सकाळी ते माझ्या टेबलापाशी येऊन बसले तेव्हा मला आश्चर्य वाटलं. खिशात दोन ब्रश होतेच.

"बाई, कधी काई मागितलं नाई तुमाला. एक पाटी ऱ्हाऊ द्या. मैत्रीनगरची."

मैत्रीनगर म्हणजे त्यांचीच गल्ली. तिथे पदपथाचं काम निघणार होतं. मला वाटलं, आपल्या दारची आठवण म्हणून हवी असेल. तसं ते नव्हतं. शांताबाईंना विसर पडायला लागला होता. मुलाचं नाव विसरत, जेवलो की नाही ते विसरत. पण रोज सकाळी त्या एकट्या विहारात वंदनेला जात आणि एकट्या परत येत. गल्लीच्या तोंडाशी पाटीवर हात ठेवत, पहिल्या अक्षरावरच्या दोन मात्रा बोटांनी चाचपत, आणि वळत. वाचता त्यांना कधीच येत नव्हतं. दोन तुरेवालं अक्षर आलं की आपली गल्ली, एवढं त्यांना पाटी बसवली तेव्हा मामांनी शिकवलं होतं आणि तेवढं मात्र पुसलं गेलं नव्हतं. जयंतीच्या आधी मामा दर वर्षी त्या पाटीला रंग देत, आणि दर वर्षी शांताबाई ओल्या रंगाला हात लावून पांढरी बोटं घेऊन घरी येत. त्यावरून दोघांचं भांडण ठरलेलं असे.

"तेवढी पाटी गेली तर तिचं येणं-जाणं संपलं," मामा म्हणाले. "मंग ती घरात बसंल. घरात बसलं की माणूस लवकर आटपतंय."

मी लगेच पत्र काढलं, वरून मंजुरी आणली, ठेकेदाराच्या माणसाला फोन करून सांगितलं आणि पाटीवर लाल गोल काढून घेतला. आमच्याकडे लाल गोल म्हणजे हात लावायचा नाही. पण काम दुसऱ्याच टोळीला दिलं गेलं होतं. ती टोळी चाकणकडच्या कामावरून आलेली, आणि तिकडे जे पाडायचं त्याला लाल गोल करतात. त्यांनी सगळ्यात आधी तीच पाटी काढली, फोडली, आणि वरून फरशा बसवल्या.

मी धावत गेले तेव्हा मामा कोपऱ्यावर उभे होते. मला वाटलं, आता हे काय बोलतील ते ऐकून घ्यायचं. ते म्हणाले, "घाबरू नका. पाटी कुठं गेली नाई. हितंच हाय, माझ्या पायाखाली."

मी म्हटलं, नवा खांब लगेच बसवून देते. ते म्हणाले, "तिचा हात पुरायचा नाई." म्हटलं, मग तुम्ही दुसरी ओता, मी बसवते. पण फरशांच्या खालून आता केबली गेल्या होत्या. तिथे खणायचं तर निराळी परवानगी. ती मी मागितली.

"मागा," मामा म्हणाले. "तवर मी हाय."

याचा अर्थ मला पुढच्या आठवड्यात त्या रस्त्याने जाताना कळला. वंदना सुटायची वेळ होती. जिथे पाटी होती नेमक्या त्या जागी साळवेमामा उभे होते, विहाराकडे तोंड करून, हलतही नव्हते. लांबून शांताबाई आल्या. पांढरं लुगडं, हळू चाल, नजर खाली. मामांनी त्यांना हाक मारली नाही की हसले नाहीत. त्या आल्या, हात वर केला, मामांच्या खिशातल्या दोन ब्रशांवरून बोटं फिरवली आणि गल्लीत वळल्या. त्या दाराआड जाईपर्यंत मामा तसेच उभे. मग मागोमाग गेले.

मी रस्त्याच्या पलीकडे होते. भर वर्दळीत माझे डोळे भरून आले आणि ते पुसावेत हेसुद्धा सुचलं नाही.

नंतर मी त्यांना विचारलं, "मामा, तुम्ही त्यांच्या सोबतच का जात नाही? हात धरून आणता येईल की."

"हात धरून आणली तर मी आणली असं व्हतंय," ते म्हणाले. "आता ती येती. सोताहून येती."

"त्या तुम्हाला ओळखतात का तिथे?"

"ते मी इचारत नाई. पाटीला कुणी ओळखतंय व्हय? वाट कळली म्हंजे झालं."

खणायची परवानगी या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. ऊन असो, पाऊस असो, ते उभे राहिले. गुडघे दुखत तरी उभे राहिले. लोकांना आधी गंमत वाटली, मग सवय झाली. कोपऱ्यावर काळोखे यांची पिठाची गिरणी आहे. हे काळोखे मूळचे इथले, यांच्याच शेतावर मैत्रीनगर उठलेलं. त्यांनी मामांसाठी एक खुर्ची आणून ठेवली. मामांनी ती परत पाठवली. "बसलो तर उंची चुकती," म्हणाले.

गेल्या पावसाळ्यात मामा गेले. दोन दिवसांचा ताप, एवढंच निमित्त. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. चार दिवसांनी मी भेटायला गेले. मुलगा मिलिंद महाळुंग्याच्या कंपनीत आहे, तो रजेवर घरी होता. शांताबाई दिसल्या नाहीत म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "आई विहारात गेलीय."

"एकटी?"

त्याने मान डोलावली. "थांबवून थांबत नाही. तिला अजून कळलेलं नाही."

मी तशीच उठले आणि कोपऱ्याकडे निघाले. वंदना सुटत होती. गिरणीचा पट्टा फिरत होता, दारात डबे घेऊन बायका थांबल्या होत्या, आणि गिरणीत कुणीच नव्हतं. काळोखे बाहेर होते. मामांच्या जागेवर, विहाराकडे तोंड करून उभे. डोक्यापासून पायापर्यंत पिठाने माखलेले. त्यांच्या खिशात मामांचे दोन ब्रश उभे होते.

मी काही विचारायच्या आत ते हळूच म्हणाले, "मामा गेलं, पर म्हातारी यायची ऱ्हायली न्हाई. मंग मिलिंदाकडनं मागून घेतलं बुरूस. आमी हाय तवर हाय. तुमी जरा बाजूला व्हा, ताई, ती आली."

मी बाजूला झाले. शांताबाई आल्या, खाली मान घालून, आपल्या चालीने. थांबल्या, हात वर केला, दोन्ही ब्रशांवरून बोटं फिरवली. गिरणीचं पीठ त्यांच्या बोटांना लागलं. त्यांनी हात डोळ्यांसमोर धरला, पांढरी झालेली बोटं निरखून पाहिली आणि पदराला पुसली.

"रंग वला हाय अजून," त्या म्हणाल्या. "आत्ताच देऊन गेलेत वाटतं."

आणि घराकडे वळल्या.